अपुऱ्या साठवणीचा संगणक आणि दुसरी कार्यप्रणाली

(आंबिवली येथे प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत दिलेले व्याख्यान)



आजच्या परिषदेत मला जो विषय नेमून देण्यात आला आहे, तो प्रथमदर्शनी केवळ तांत्रिक वाटण्याचा संभव आहे. लॅपटॉपमध्ये मुळात असलेली ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यप्रणाली, तशीच ठेवून तिच्या जोडीला दुसरी प्रणाली कशी चालवावी, आणि तीही लॅपटॉपची साठवण अपुरी असताना, असा हा विषय आहे. परंतु थोडा विचार केल्यास असे दिसून येईल की, हा प्रश्न यंत्राचा आहे त्यापेक्षा शाळेच्या व्यवस्थेचा अधिक आहे. आपल्या जिल्ह्यातील अनेक लहान शाळांत एकच लॅपटॉप असतो. पुष्कळदा तो गावकऱ्यांच्या लोकवर्गणीतून आलेला असतो. ज्यांनी आपल्या मजुरीतून त्यासाठी पैसे दिले, त्यांस ‘तो आता जुना झाला’ असे सांगण्यापूर्वी तो खरोखरच निकामी झाला आहे काय, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

हा प्रश्न आताच का उपस्थित झाला, ते प्रथम सांगतो. विंडोज १० या प्रणालीस नियमितपणे मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. तिच्यानंतरच्या विंडोज ११ या प्रणालीसाठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आवश्यक ठरविण्यात आली आहे. यामुळे असे अनेक लॅपटॉप मागे राहिले की, ज्यांचा पडदा, कळफलक व आवाज उत्तम आहेत. बिघाड कसलाही नाही, केवळ नवीन प्रणाली त्यांस स्वीकारीत नाही. मोहने येथील एन. आर. सी. कारखान्याची यंत्रे २००९ साली थांबली, हे आंबिवलीकरांस मी सांगावयास नको. तेथील कारणे सर्वस्वी निराळी होती. तथापि न मोडलेले यंत्र निरुपयोगी होऊन पडणे म्हणजे काय, हे या परिसराइतके दुसऱ्या कोणास क्वचितच ठाऊक असेल.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचे व्यवस्थापन. कळ दाबली असता अक्षर उमटविणे, कागदपत्र साठवून ठेवणे, ते पुन्हा काढून देणे, छपाईयंत्रास आज्ञा देणे, ही सर्व कामे ती पाहते. विंडोज ही अशी एक प्रणाली होय. लिनक्स ही दुसरी. लिनक्सचे बीज हेलसिंकी येथील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली पेरले. तिच्यावर आधारलेली उबुंटू, मिंट, डेबियन आदी रूपे विनामूल्य मिळतात. आपल्याकडे सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ नावाची प्रणाली तयार केली. केरळ राज्याने तर आपल्या शाळांतील संगणक-शिक्षण याच मुक्त प्रणालींवर उभे केले. तेव्हा ही वाट शाळांना अगदीच अपरिचित आहे, असे नव्हे.

एका लॅपटॉपमध्ये दोन प्रणाली कशा नांदतात, हे समजण्यास आपल्या दोन पाळ्यांच्या शाळेचे उदाहरण पुरेसे आहे. इमारत एक, बाके तीच, फळा तोच. सकाळी एक शाळा भरते, दुपारी दुसरी. दोन्ही शाळा एकाच वेळी भरत नाहीत. परंतु प्रत्येक शाळेचे कपाट मात्र वेगळे असते आणि दुसरी पाळी घरी गेली म्हणून तिचे कपाट लहान होत नाही. संगणकाचेही तसेच आहे. प्रक्रियक आणि स्मृती ही बाकांप्रमाणे पाळीपाळीने वापरली जातात. साठवणीतील जागा मात्र दोन्ही प्रणाली कायमची अडवून ठेवतात. सारी अडचण आहे ती या कपाटांची.

कर्जतच्या वाटेवरील एक उदाहरण

कल्याणहून लोहमार्गाचे दोन फाटे होतात. एक शहाड, आंबिवली, टिटवाळा करीत कसाऱ्याकडे जातो. दुसरा अंबरनाथ, बदलापूर, नेरळ करीत कर्जतकडे. त्या दुसऱ्या वाटेवरील कर्जत तालुक्यातील खैराट-धनगरवाडा येथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील आरंभीचा प्रयोग झाला. एक खोली, एक शिक्षक, पहिलीपासून चौथीपर्यंतचे वर्ग, आणि मुलांच्या हाती ‘एक्सओ’ नावाचे हिरवे-पांढरे लहानसे लॅपटॉप, असे त्याचे स्वरूप होते.

त्या लॅपटॉपची साठवण किती होती? केवळ १ जीबी. स्मृती २५६ एमबी. आजच्या साध्या मोबाइलपुढेही हे आकडे नगण्य वाटतील. तरीही त्यात लिनक्सवर आधारलेली, ‘शुगर’ नावाची मुलांसाठी रचलेली मांडणी चालत असे आणि चित्र, लेखन, संगीत, गणित यांची साधने तीत सामावलेली होती. हे साधले ते कशामुळे? ज्याची मुलांस गरज नाही ते आत ठेवावयाचेच नाही, हा निर्णय आरंभीच घेतला गेला म्हणून.

पुढे मे २००८ मध्ये याच लॅपटॉपवर विंडोज एक्सपी चालविण्याची योजना जाहीर झाली. त्या वेळी आज आपल्यापुढे आहे तोच प्रश्न त्या तंत्रज्ञांपुढे उभा राहिला. १ जीबी जागेत विंडोज मावेना. त्यांनी जो मार्ग काढला तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. लॅपटॉपच्या खाचेत बसणारे २ जीबीचे एसडी कार्ड घेऊन विंडोजचा संसार त्यावर थाटण्यात आला. लॅपटॉप मोठा करणे शक्य नव्हते. तेव्हा कपाट बाहेर ठेवले. पुढच्याच वर्षी, जून २००९ मध्ये, ‘शुगर’ची मांडणी १ जीबीच्या पेनड्राइव्हवर बसविलेल्या स्वरूपात प्रसिद्ध झाली. कोणताही चालू संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा, मुलांनी काम करावे आणि पेनड्राइव्ह काढून घ्यावा. मूळ संगणकातील काहीही हलत नाही. आजच्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा हाच आहे: साठवण अपुरी असेल तर दुसऱ्या प्रणालीस आत कोंबू नये, तिला बाहेर स्वतंत्र जागा द्यावी.

प्रथम मोजणी

कोणतेही पाऊल टाकण्यापूर्वी मोजणी करावी. येथे एक गणिती गंमत आहे आणि ती चौथी-पाचवीच्या वर्गातही सांगता येईल. लॅपटॉपच्या खोक्यावर ६४ जीबी असे छापलेले असते; विंडोज मात्र सुमारे ५९.६ दाखविते. कोणी चोरी केली काय? मुळीच नाही. निर्माता १ जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट धरतो, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. माप निराळे, माल तोच. याच रीतीने ३२ जीबीचे २९.८ आणि १२८ जीबीचे ११९.२ दिसतात.

आता ६४ जीबीच्या लॅपटॉपचा जमाखर्च मांडू. दिसणारी जागा ५९.६. विंडोज, तिच्या दुरुस्त्या आणि नेहमीचे कार्यक्रम मिळून पंचवीस ते तीस जीबी सहज जातात. पुढील दुरुस्त्यांसाठी दहा जीबी तरी मोकळे राहावयास हवेत. शिल्लक राहिले सुमारे वीस. त्यातच शाळेची छायाचित्रे, शिष्यवृत्तीच्या सराव-पत्रिका, परिपत्रके आणि ध्वनिचित्रफिती आहेत. दुसऱ्या बाजूस मिंट प्रणाली किमान २० जीबी जागा मागते, उबुंटूची २४.०४ ही आवृत्ती २५ जीबी सुचविते, तर डेबियन पडद्यावरील नेहमीच्या मांडणीसह किमान १० जीबीत बसते. यावरून निष्कर्ष उघड आहे. ३२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये दोन प्रणाली ठेवण्याचा विचारच करू नये. ६४ जीबीमध्ये ओढाताण होईल. १२८ जीबी असतील, तर मात्र पंचवीस-तीस जीबीचा विभाग निर्धास्तपणे काढून देता येईल.

येथे आणखी एक गोष्ट पाहावी. स्वस्त लॅपटॉपपैकी पुष्कळांची साठवण ‘ईएमएमसी’ प्रकारची असून ती मुख्य फलकावरच डाखलेली असते. ती काढून मोठी बसविता येत नाही. ज्यांत स्वतंत्र डिस्क आहे, त्यांत ती बदलून मोठी एसएसडी बसविणे हा सर्वांत सरळ उपाय होय. तेव्हा लॅपटॉप कोणत्या जातीचा आहे, हे जाणकाराकडून आधी तपासून घ्यावे.

तीन मार्ग

पहिला मार्ग पेनड्राइव्हचा. प्रणालीची प्रत तिच्या अधिकृत स्थळावरून उतरवून घ्यावी आणि रूफस किंवा वेंटॉय यांसारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर बसवावी. पेनड्राइव्हवर आधीचे जे काही असेल ते या क्रियेत पुसले जाते. म्हणून तो रिकामा करूनच घ्यावा. नंतर लॅपटॉप सुरू होताना निर्मात्याने ठरविलेली कळ दाबून, बहुधा एफ १२, एफ २ किंवा एस्केप, पेनड्राइव्हवरून सुरुवात करण्यास सांगावे. पुढे ‘वापरून पाहा’ आणि ‘कायम बसवा’ असे दोन पर्याय पुढे येतात. त्यांतील पहिलाच निवडावा. अशा रीतीने चालणारी प्रणाली केलेले काम स्मृतीत धरते आणि संगणक बंद होताच विसरते. काम टिकावयास हवे असेल, तर पेनड्राइव्ह तयार करतानाच त्यासाठी वेगळी जागा राखून ठेवण्याची सोय असते, ती घ्यावी.

या मार्गाचा खरा लाभ परीक्षेचा आहे. वायफाय लागते काय, प्रक्षेपक दिसतो काय, आवाज येतो काय, छपाईयंत्र ओळखले जाते काय, हे सर्व लॅपटॉपमधील एकही कागद न हलविता पाहता येते. नवीन शिक्षकास वर्ग देण्यापूर्वी आपण त्याचा पाठ पाहतो, तसेच हे आहे. पाठ पसंत पडला तरच पुढे जावे.

दुसरा मार्ग बाहेरील एसएसडीचा. साधा पेनड्राइव्ह सतत लिहिण्या-पुसण्यासाठी केलेला नसतो. रोजच्या वापरात तो मंद होतो आणि लवकर झिजतो. १२० किंवा २४० जीबीची लहानशी एसएसडी यूएसबी तारेने जोडून तिच्यावर संपूर्ण प्रणाली बसविल्यास वेग पुष्कळच बरा मिळतो आणि लॅपटॉपची आतली जागा अबाधित राहते. मात्र तार यूएसबी ३ च्या खाचेतच जोडावी. तिची जीभ बहुधा निळी असते. प्रणाली बसविताना तिचा आरंभ-भागदेखील त्याच बाहेरील डिस्कवर जात आहे, याची खात्री करावी. अन्यथा डिस्क काढल्यावर लॅपटॉप सुरू होताना गोंधळतो. एसडी कार्डाचा मार्ग आज सरसकट सांगता येत नाही, कारण अनेक लॅपटॉप आपल्या कार्डाच्या खाचेवरून सुरूच होत नाहीत.

तिसरा मार्ग आतील विभागणीचा. साठवणीचा एक भाग विंडोजकडून काढून दुसऱ्या प्रणालीस द्यावयाचा. त्यास पार्टिशन म्हणतात. हा मार्ग १२८ जीबी वा त्याहून अधिक साठवण असणाऱ्यांनीच धरावा. आपल्या चर्चेत काही मित्र चौथा मार्गही सुचवितात: विंडोज चालू असतानाच तिच्या पोटात दुसरी प्रणाली आभासी यंत्राच्या रूपाने चालविणे. त्यासाठी दोन्ही पाळ्या एकदम भरवाव्या लागतात. ४ जीबी स्मृतीच्या लॅपटॉपास तो भार झेपत नाही.

घ्यावयाची दक्षता

ज्यांस तिसऱ्या मार्गाने जावयाचे आहे, त्यांनी पुढील क्रम सोडू नये.

१. शाळेच्या सर्व कागदपत्रांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे.

२. लॅपटॉप ही जडवस्तू संग्रह नोंदवहीतील शाळेची मालमत्ता आहे. मुख्याध्यापकांची लेखी अनुमती घ्यावी व शाळा व्यवस्थापन समितीस कल्पना द्यावी.

३. विंडोजमध्ये साठवण कुलूपबंद करणारी ‘बिटलॉकर’ किंवा तत्सम सोय चालू आहे काय, ते पाहावे. असल्यास तिची पुनर्प्राप्ती-कळ कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. ती कळ नसेल, तर प्रसंगी आपणच आपल्या दप्तराबाहेर राहू.

४. ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद करावी. ती चालू असता विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, अर्धवट झोपते. अशा स्थितीत दुसऱ्या प्रणालीने तिच्या कपाटात हात घातल्यास कागद बिघडण्याचे भय असते. ‘हायबरनेशन’ही बंद केल्यास काही जागा मोकळी होते, हा वरकड लाभ.

५. विंडोजचा विभाग लहान करणे ते विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’ या साधनाने करावे. नवीन प्रणाली बसविताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय कदापि निवडू नये. सर्वाधिक नुकसान या एका चुकीच्या निवडीने होते.

६. दोन्ही प्रणालींस लागणारे कागद एका सामाईक जागी ठेवावेत. लिनक्सला विंडोजचे विभाग वाचता येतात. विंडोजला मात्र लिनक्सचे नेहमीचे विभाग वाचता येत नाहीत. यास्तव सामाईक पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीचा असावा.

दोन प्रणाली सुरू झाल्यावर घड्याळ साडेपाच तासांनी चुकलेले दिसले, तर घाबरू नये. विंडोज यंत्रातील घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ ठेवते. आणि भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. लिनक्सला ‘यंत्रातील वेळ स्थानिक समज’ एवढे सांगितले की ही चूक दूर होते. तसेच विंडोजच्या एखाद्या मोठ्या दुरुस्तीनंतर प्रणाली निवडण्याची यादी दिसेनाशी झाली, तर बहुधा केवळ सुरुवातीचा क्रम बदललेला असतो. आतील कागद सुरक्षित असतात. पुन्हा सर्व काही पुसून बसविण्याची घाई करू नये.

दोन्ही कशासाठी?

कोणी विचारील की, एवढा खटाटोप करण्यापेक्षा विंडोज काढूनच का टाकू नये? काही शाळांत तेही योग्य ठरेल. परंतु आपल्या दप्तराचा विचार करा. अनेक वर्षांचे दाखले, अहवाल व प्रश्नपत्रिका श्री-लिपी, आयएसएम आदी साधनांच्या जुन्या टंकांत लिहिलेल्या आहेत. तो टंक नसलेल्या ठिकाणी त्याच मजकुराच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. हे सर्व युनिकोडमध्ये आणून, ताडून पाहीपर्यंत जुनी प्रणाली हाताशी असणेच इष्ट. मात्र दुरुस्त्या थांबलेल्या प्रणालीवरून महाजालावर जाणे व संकेतशब्द देणे टाळावे. विद्यार्थ्यांची माहिती भरण्याची कामे ब्राउझरमधून होतात. ती नव्या प्रणालीवरून करावीत. जुन्या प्रणालीस कागदपत्रे उघडण्यापुरते, जाळ्यापासून दूर ठेवावे. अशी कामांची वाटणी झाली, म्हणजे दोन्ही प्रणालींचा शाळेस खरा उपयोग होतो.

मराठी लेखनाविषयीही चिंता नको. इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे असून त्याची मांडणी तीच आहे. एकीकडे बसलेला बोटांचा सराव दुसरीकडे तसाच उपयोगी पडतो. लिब्रेऑफिस या लेखन-साधनाची सारी मांडणी मराठीतही मिळते. मुलांच्या दृष्टीने तर दोन प्रणाली पाहणे हेच एक शिक्षण आहे. संगणक म्हणजे एकाच कंपनीची एकच खिडकी नव्हे, तिच्यामागे माणसांनी केलेल्या निरनिराळ्या रचना असू शकतात, हे ज्या मुलास लहानपणी कळले, ते मोठेपणी केवळ वापरणारे राहणार नाही.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. सर्व शाळांनी एकाच वेळी हे काम हाती घेऊ नये. केंद्रातील एका शाळेने एक पेनड्राइव्ह तयार करावा, तो महिनाभर वापरून पाहावा, कोणत्या लॅपटॉपवर काय चालले व काय अडले याची नोंद ठेवावी आणि पुढील शिक्षण परिषदेत ती नोंद सर्वांपुढे ठेवावी. माहिती भरण्याच्या वा परीक्षेच्या आठवड्यात कोणताही प्रयोग करू नये. एवढे करूनही जो लॅपटॉप चालणार नाही, त्याची रीतसर नोंद करून तो अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावा. भंगारात फेकू नये.

खैराटच्या मुलांचे शिक्षण एका जीबीच्या मर्यादेत मावले होते. आपल्याजवळ त्याच्या कितीतरी पट जागा आहे. ती कशाने भरावयाची आणि काय बाहेर ठेवावयाचे, एवढेच आपण विचारपूर्वक ठरवावयाचे आहे.